परांचीला अंदाजपत्रकात स्वतःची ओळ हवी

गावातल्या कुठल्याही उंच दुरुस्तीचं अंदाजपत्रक उघडून बघा. विटा, चुना, सिमेंट, वाळू, गिलावा, रंग, मलबा उचलून नेणं, सगळ्यांना आपापली ओळ आणि आपापला दर असतो. हे सगळं करायला माणूस जिथे उभा राहणार, त्या परांचीला बहुतेक वेळा नसतो. ती दरसूचीतल्या वर्णनाच्या शेपटाला 'परांची, पाणी मारणे इत्यादींसह संपूर्ण' अशी लोंबकळत असते. तिचे पैसे गिलाव्याच्या चौरस मीटरमध्ये मिसळलेलेच आहेत, असं कागद सांगतो. व्यवहारात मात्र परांचीवर वाचवलेला रुपया ठेकेदाराच्या खिशात राहतो आणि तिच्यावर लावलेला रुपया त्याच्याच खिशातून जातो. त्यात निविदा कमी दराची असली, की मागच्या कामावरचे चिरलेले बांबू आणि उन्हानं कडक झालेली नायलॉनची दोरी पुन्हा गाडीत चढते.

उंच वीटकामाच्या आणि दगडकामाच्या दुरुस्तीत परांची ही स्वतंत्र, मोजून पैसे द्यायची बाब करा, असं माझं म्हणणं आहे. ती तशी झाली की विदर्भाच्या खेड्यांत बऱ्याच ठिकाणी जमिनीवरून चढवलेल्या बांबूंपेक्षा वरून सोडलेला झुला बरा ठरेल. झुला आधी आणू, दराचं मागाहून बघू, असं केलं तर तो पंचायत समितीच्या गोदामात गंजेल.

खेड्यात उंच इमारती आहेतच कुठे, असं नागपुरातले लोकही विचारतात. वर्धा-यवतमाळ-अकोल्याच्या कापूसपट्ट्यात सरकी काढायच्या जुन्या जिनांच्या विटांच्या भिंती आणि धुराडी आहेत. गोंदिया-भंडाऱ्याकडे धानाच्या राइस मिल आहेत. बाळापूरचा विटांचा किल्ला, अचलपूरचे वेशीचे दरवाजे, सिंदखेडराजातली लखुजी जाधवांची समाधी ही नावाजलेली ठिकाणं झाली. त्यांच्याशिवाय गावोगावी देशमुख-पाटलांचे दुमजली वाडे, ढासळत्या गढ्या आणि देवळांची शिखरं आहेत. आणि 2019 नंतर जल जीवन मिशनमुळे पाण्याच्या टाक्या इतक्या झाल्या, की रस्त्यानं जाताना गाव ओळखायची खूण म्हणजे आता टाकीच. बारा मीटर उंचीवर गिलाव्याचं काम करणं ही आपल्याकडे आता अपूर्वाईची गोष्ट राहिली नाही. बारा मीटरवरून सुटलेला माणूस दीड सेकंदात खाली येतो आणि आदळताना त्याचा वेग ताशी 55 किलोमीटरच्या आसपास असतो. हे शाळेतल्या गणिताचं उत्तर आहे. त्याला कुठल्या अहवालाची गरज नाही.

आता जमिनीकडे बघू, कारण या प्रश्नाचं निम्मं मूळ तिथेच आहे. आपली काळी भारी जमीन उन्हाळ्यात हात जाईल एवढ्या भेगा पाडते आणि पावसात फुगते. हीच जमीन पाया हलवते, भिंतीला तिरपी भेग पाडते आणि मग दुरुस्तीसाठी गवंड्याला बोलवावं लागतं. गवंडी येतो आणि ज्या जमिनीनं भिंत फाडली त्याच जमिनीत बल्ल्या रोवतो. मृगाचा एक सडाका आला की चारपैकी दोन पाय चार बोटं खचतात, आडव्या बांधांवर ताण येतो, दोऱ्या सैल होतात. खाली फळी किंवा दगड ठेवून भार पसरवावा, हे प्रत्येक जाणत्या मिस्त्रीला ठाऊक असतं. ती फळी अंदाजपत्रकात नसते, म्हणून खाली ठेवली जात नाही.

बांबूवर माझा राग नाही. ज्या मुलखातल्या मेंढा-लेखा या गावानं 2011 मध्ये आपल्या जंगलातल्या बांबूवरचा हक्क मिळवून देशाला वाट दाखवली, तिथे बांबूला नावं कोण ठेवेल? दुमजली घराला, खाली मुरूम किंवा पक्की फरशी असेल तर, नीट बांधलेली बांबूची परांची उत्तम काम देते. ती स्वस्त आहे, दुरुस्त करता येते, आणि बांधणारे हात गावातच आहेत. अडचण सुरू होते ती तिसऱ्या मजल्याच्या वर. तिथे बांबूचे सांधे वाढतात, भिंतीला बांधून घ्यायला धड जागा नसते. शिवाय जुन्या वीटकामात बांध अडकवण्यासाठी भोकं पाडली तर दुरुस्तीच्या नावानं नवी इजा होते.

झुल्याचं तत्त्व साधं आहे. छतावर दोन मजबूत तुळया ठेवायच्या, त्यांची पुढची टोकं भिंतीच्या बाहेर काढायची, टोकांवरून तारेचे दोर सोडायचे, दोरांना कठडा असलेलं पाट्यांचं व्यासपीठ लटकवायचं आणि दोन्ही बाजूंच्या विंचनं ते वर-खाली करायचं. जमिनीशी संबंध नाही. वीटकामाच्या दुरुस्तीला हे सोयीचंही पडतं, कारण हे काम मुळात वरून खाली येणारं असतं. आधी सांध्यातला सैल मसाला खरडायचा, पिंपळाची मुळं काढायची, धुवायचं, मग दर्जा, म्हणजे विटांमधले सांधे, भरायच्या. वरचा कचरा खालच्या ताज्या कामावर पडू नये म्हणून गवंडी माथ्यापासूनच सुरुवात करतो. झुला त्याच्याबरोबर एकेक पट्टा उतरत येतो.

पण झुल्याचा जीव त्या तुळईच्या मागच्या वजनात असतो, आणि नेमकं तेच कुणी मोजत नाही. बैलगाडीत माल मागे जास्त झाला की गाडी उलाळ होते, जू वर उचललं जातं. छतावरची तुळई तशीच उलाळ होते, फक्त इथे पुढच्या टोकाला माणसं असतात. गणित करून बघा. समजा एका तुळईवर व्यासपीठ, माणसं आणि मसाला मिळून 200 किलो भार येतो आणि तुळई 3 मीटर लांब आहे. ती अर्धा मीटर बाहेर असेल तर मागे अडीच मीटर उरतात. अमेरिकेच्या ओशा या सुरक्षा यंत्रणेचा नियम असा, की उलटवणाऱ्या जोराच्या चौपट तरी धरणारा जोर मागे हवा. त्या हिशेबानं मागे 160 किलो लागतात. आता छज्जा आडवा येतो म्हणून तीच तुळई मिस्त्रीनं आणखी अर्धा मीटर पुढे सरकवली. लागणारं वजन 400 किलोवर गेलं. अर्ध्या मीटरसाठी अडीचपट! आणि दोन्ही माणसं व्यासपीठाच्या एकाच टोकाला गेली तर त्या बाजूचा 200 किलोंचा हिशेबही अपुरा पडतो. दोन पोती वाढवून ठेवू म्हणणाऱ्या ठेकेदाराला हे कागदावर करून दाखवावं लागतं, तोंडी सांगून पटत नाही.

पोत्यांचं निघालंच म्हणून सांगतो. आपल्याकडे मागचं वजन म्हणजे खताच्या रिकाम्या पोत्यात भरलेली वाळू. त्याच अमेरिकी नियमात वाळू-गिट्टीसारखी सांडणारी, घसरणारी वस्तू वजन म्हणून वापरायला सरळ मनाई आहे. पोतं उन्हानं विरतं, उंदीर कुरतडतो, वाळू गळते. वर वजन कमी होत असतं आणि खाली काम चालू असतं. त्यापेक्षा साच्यात ओतलेले, वर किलो कोरलेले काँक्रीटचे ठोकळे करावेत आणि ते तुळईला बोल्टनं आवळावेत. हे गावातला कुठलाही सेंट्रिंगवाला करू शकतो. आणि छताचा कठडा विटांचा आहे म्हणून त्याला आकडा अडकवून झुला सोडणं हा तर आत्मघातच. शंभर वर्षांच्या चुन्यातल्या कठड्यानं तो भार घेण्याचं वचन कुणाला दिलेलं नाही.

तारेच्या दोराबद्दल दोन गोष्टी पुरेत. ज्याच्यावर माणसं लटकणार तो दोर जास्तीत जास्त भाराच्या सहापट ताण सोसणारा हवा. आणि पिळाच्या एका पूर्ण वेढ्यात कुठेही सहा तारा, किंवा एकाच लडीतल्या तीन तारा तुटलेल्या दिसल्या, की तो दोर विहिरीच्या कामालाही देऊ नये. टोकाला क्लॅम्प लावताना यू-आकाराची सळई दोराच्या मोकळ्या शेपटावर बसायला हवी, भार घेणाऱ्या अंगावर नव्हे. उलट बसली तर ती चालू दोरच चेपते. वेल्डिंगच्या दुकानात हे दहा मिनिटांत शिकवता येतं.

यानंतर येतो तो दुसरा दोर, ज्याच्यावरून माझा आणि ठेकेदारांचा नेहमी वाद होतो. झुल्यावरच्या प्रत्येक माणसासाठी, झुल्याच्या दोरांपासून पूर्ण वेगळा, छतावरच्या वेगळ्या भक्कम जागी बांधलेला जीवदोर हवा. त्यावर सरकणारा आणि झटका बसला की पकडणारा खटका हवा, आणि खटक्याला जोडलेला पट्टा पूर्ण अंगाचा हवा, नुसता कमरेचा नव्हे. तुळई उलटली तरी माणूस तिच्याबरोबर जाता कामा नये, यासाठी ही तजवीज. पट्टा झुल्याच्या कठड्यालाच अडकवणं हा प्रकार मी शहरातल्या मोठ्या कामांवरही पाहिलाय. झुला खाली, तर माणूसही खाली. मग तो पट्टा फोटोपुरताच राहतो.

आणि पट्ट्यानं माणूस अडकला म्हणजे वाचला असं नाही. मांडीच्या पट्ट्यांवर निश्चल लोंबकळलेल्या माणसाच्या पायात रक्त साचतं, चक्कर येते, आणि काही मिनिटांत जिवावर बेतू शकतं. शहरात अग्निशमन दलाची शिडी येईल. आपल्याकडे अग्निशमनचं वाहन नगरपरिषदेच्या गावी असतं, आणि 108 ची गाडी आली तरी ती जमिनीवर उभी राहते. वर लटकलेल्याला खाली आणायचं काम त्या चार-पाच जणांच्या टोळीलाच करावं लागणार. म्हणून सुटकेचा दोर आणि पुली आधीच वर बांधलेली असली पाहिजे, आणि काम सुरू करण्यापूर्वी एकाला खरोखर लटकवून खाली उतरवून बघितलं पाहिजे. 'काही होत नाही भाऊ, रोजचंच हाये,' असं म्हणणाऱ्या मिस्त्रीनंही एकदा स्वतः लटकून बघावं.

खाली उभ्या असणाऱ्यांना तर आपण मोजतच नाही. मसाला कालवणारी, घमेलं भरून दोराला लावणारी रेजा भर कामाच्या खाली असते, बहुतेक वेळा विना हेल्मेट. शाळा सुटली की पोरं बघायला गोळा होतात. धुराड्याच्या माथ्यावरून निसटलेली एक वीट पुरेशी आहे. जाळी, खालची जागा दोर लावून बंद करणं आणि माल भिंतीपासून दूर ठेवणं हेही परांचीच्याच बाबीत धरायला हवं.

झुला सगळीकडे चालत नाही, हे मात्र त्याच्या कैवाऱ्यांनी मान्य करावं. देवळाच्या शिखराला तो टांगायचा कशावर? आमलकावर, म्हणजे कळसाखालच्या दगडी चकतीवर, किंवा कळसाच्या बैठकीवर भार टाकायचा विचारही करू नये. गडचिरोलीतल्या मार्कंड्यासारख्या अंगभर शिल्पं असलेल्या दगडी देवळाला वाऱ्यानं हललेल्या लोखंडी व्यासपीठाचा कोपरा लागला, तर ते नुकसान कुठल्या अनुदानातून भरून काढणार? तिथे भिंतीला न टेकणारी, स्वतःच्या पायावर उभी राहणारी पाइपांची परांचीच हवी, खाली पक्का थर टाकून. मोठे दगड उतरवून पुन्हा बसवायचे असतील तरी झुला निरुपयोगी. तो दर्जा भरायला, गिलाव्याला, चार-दोन विटा बदलायला आहे. जुन्या धुराड्याचा तर माथाच सगळ्यात कमजोर असतो. धूर, ऊन-पाऊस आणि पिंपळ यांनी वरचे थर सुटलेले असतात, आणि दोर तर तिथेच टांगायचे. तिथे आधी भाड्याच्या बूम लिफ्टनं (गाडीवरच्या लांब हाताच्या पाळण्यानं) वरचे सैल थर उतरवून घ्यावे लागतात, मग टांगण्याचा विचार. घुमटाकार छताच्या टाकीवर तुळई सपाट बसत नाही, चौकट बनवावी लागते, आणि छत तो भार घेईल का हे अभियंत्यानं लिहून द्यावं लागतं. 'लिहून' महत्त्वाचं.

काही अडचणी खास आपल्याच आहेत. विजेवर झुला वर-खाली करणारा होइस्ट गावात आणला तर वीज गेल्यावर झुला अधांतरी थांबेल. म्हणून हातानं फिरवायचा विंच बरा, किंवा वीज नसताना हातानं उतरवता येणारा तरी. टाकीजवळून 11 केव्हीची लाइन गेली असेल तर लोखंडी झुल्याआधी महावितरणला पत्र गेलं पाहिजे. मे महिन्यात विदर्भातलं लोखंड दुपारी हात लावू देत नाही, आणि संध्याकाळी कुठूनसा वावटळीसह विजांचा पाऊस येतो. हे काम खरं तर दिवाळीनंतरचं, नोव्हेंबर ते फेब्रुवारीचं. पण निधी खर्ची घालायची घाई 31 मार्चच्या तोंडावर होते, कार्यारंभ आदेश निघतो आणि माणसं टळटळीत उन्हात टाकीवर चढतात. हवामानाला दोष देण्यात अर्थ नाही. हे वेळापत्रक आपणच बनवलंय.

आणि आग्या मोहोळ. टाकीच्या पोटाखाली, वेशीच्या कमानीत, धुराड्याच्या कडेला ही पोळी हटकून असतात. जमिनीवरचा माणूस पळू शकतो, झुल्यावरचा नाही. काम सुरू होण्याआधी पाहणी करून जाणकाराकडून पोळं हलवून घेणं हे मी परांचीच्या खर्चातच धरतो. शहरातल्या सुरक्षा-पुस्तिकेत ते सापडणार नाही.

कायदा काय करतो? 1996 च्या इमारत व इतर बांधकाम कामगार कायद्यानं दुरुस्तीलाही बांधकाम मानलं, पण तो लागू झाला दहा किंवा अधिक कामगार लावणाऱ्यांना. त्याची जागा घेणाऱ्या 2020 च्या संहितेतही दहाची अट आहेच. दुरुस्तीची टोळी चार-सहा जणांची. म्हणजे सर्वांत उंच आणि सर्वांत धोक्याचं काम करणारी टोळी संख्येनं लहान म्हणून बाहेर. 1923 चा नुकसानभरपाईचा कायदा या बाबतीत जास्त शहाणा होता. त्यानं माणसं न मोजता इमारत मोजली: एक मजल्याहून जास्त किंवा 12 फूट उंच इमारतीची दुरुस्ती करणारा कामगार त्याच्या कक्षेत घेतला. सुरक्षिततेचा नियमही असाच उंचीला बांधलेला हवा. पडणाऱ्याला खाली किती कामगार हजेरीवर आहेत याच्याशी काय देणंघेणं?

बांधकामाच्या खर्चावर 1 टक्का उपकर घेतला जातो आणि त्यातून कामगार कल्याणकारी मंडळ चालतं. गावात मंडळाची ओळख 'पेटी'मुळे, म्हणजे कामगारांना मिळणाऱ्या सुरक्षा संचामुळे आहे. पेटी मिळाली का, भांडी मिळाली का, 90 दिवस काम केल्याचा दाखला कोण देतो, यावर पारावर चर्चा रंगते. त्या सुरक्षा संचात हेल्मेट, बूट आणि पट्टाही येतो. पट्टा आला हे बरंच झालं. पण तो अडकवायचा कशाला? ज्या छतावर जीवदोर नाही, तिथे तो पट्टा पेटीतच राहतो, आणि मी त्याबद्दल कामगाराला दोष देत नाही. उपकराचा काही भाग अशा सामायिक साधनांवर गेला पाहिजे, ही मागणी ट्रेड युनियनांनी लावून धरावी. कामावर मेलेल्याच्या वारसांना मदत देण्यापेक्षा हे स्वस्त पडेल, हा हिशेब जरा कोरडा वाटतो, पण मंत्रालयात कोरडेच हिशेब चालतात.

माणसं कुठून आणायची, ही शंका मला फारशी गंभीर वाटत नाही. यवतमाळ, बुलडाणा, मेळघाटाकडची पोरं हंगाम संपला की पुणे, मुंबई, हैदराबादला बांधकामावर जातात. तिथल्या उंच इमारतींवर रंगकाम करताना झुला, खटका, पट्टा सगळं हाताखालून जातं. तोच पोरगा गावी आल्यावर कमरेला कासरा बांधून टाकीवर चढतो, कारण इथे त्याला दुसरं काही देणारं कोणी नाही. कसब आहे, साधन नाही.

साधन सरकारनं विकत घ्यावं असं मला पूर्वी वाटायचं. आता वाटत नाही. तालुक्याला एक संच घेतला तर तो कुणाच्या ताब्यात, चावी कुणाकडे, दोर कधी बदलला, याची नोंद वर्षभरात बंद पडेल. त्यापेक्षा आपल्या प्रत्येक बाजारगावात जे बिछायत केंद्र असतं, त्याच्याकडे बघा. मंडपाचे पाइप, क्लॅम्प, गाडी, चार हमाल, गोदाम हे सगळं त्याच्याकडे आधीच आहे, आणि लग्नसराई संपल्यावर ते पडून असतं. उद्या त्याला दिसलं की टाकीच्या, वाड्याच्या, जिनाच्या प्रत्येक दुरुस्तीत झुल्याच्या भाड्याची वेगळी ओळ आहे आणि ते पैसे वेळेवर मिळतात, तर तो संच घेईल. त्याची तपासणी मात्र सरकारनं करावी, वर्षातून एकदा, शिक्का मारून. ही ओळ नसेल तर बिछायतवाला कशाला पैसे घालेल?

वेगळी ओळ अशक्य आहे असं म्हणणाऱ्यांनी केंद्रीय सार्वजनिक बांधकाम विभागाची दरसूची पाहावी. दुरुस्तीच्या प्रकरणात इमारतीच्या बाहेरून लावायच्या दुहेरी पाइप-परांचीची स्वतंत्र बाब तिथे आहे, दर्शनी क्षेत्रफळावर चौरस मीटरनं मोजलेली. राज्याच्या दरसूचीत झुल्यासाठी तशी बाब घालणं हे एका परिपत्रकाचं काम आहे. ग्रामपंचायतीला पैशांची अडचण सांगता येईल, पण 15 व्या वित्त आयोगाच्या निधीतला 60 टक्के वाटा पाणी आणि स्वच्छतेसाठीच बांधून दिलेला होता. टाकीच्या दुरुस्तीतला झुला त्यात बसवायला कुणाची आडकाठी नव्हती. फक्त कुणी अंदाजपत्रकात लिहिला नाही.

एक गोष्ट मात्र केंद्राची जशीच्या तशी उचलू नये. चौरस मीटरवर एकदाच पैसे मिळाले की परांची लवकरात लवकर सोडवण्यात ठेकेदाराचा फायदा असतो. जुन्या मऊ विटांत सिमेंटच्या दर्जा भरल्या तर ओल आत कोंडते आणि काही पावसाळ्यांत विटेचं तोंडच सुटून येतं. म्हणून वाडे, गढ्या, धुराडी यांना चुनाच हवा, आणि चुना सावकाश धरतो. त्यावर ओलं तरट टाकून दिवसेंदिवस सांभाळावं लागतं. तेवढे दिवस झुला जागेवर हवा. तेव्हा दर दोन भागांत ठेवावा: उभारणी आणि उतरवणीचे एकदा, आणि पुढे आठवड्याचं भाडं, चुन्याच्या कामाला जास्तीत जास्त किती आठवडे हे आधीच लिहून. उभारणीचा पहिला हप्ता मोजमाप पुस्तिकेत चढण्यापूर्वी कनिष्ठ अभियंत्यानं झुला जमिनीपासून हातभर उचलून, त्यावर कामाच्या भारापेक्षा पाव पट जास्त वजन ठेवून, तुळईची मागची टोकं छतावर जाऊन स्वतः पाहिलेली असावीत. जिना नसेल तर शिडीनं चढून.